सक्तीचं नागरिकशास्त्र आणि मानवी हक्क: सीमाभागातल्या शाळांत नेमकं काय घ्यायचं, कसं घ्यायचं?

घटप्रभा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. २६ नोव्हेंबर (संविधान दिन) आणि १० डिसेंबर (मानवी हक्क दिन) जवळ आले की नागरिकशास्त्र आणि मानवी हक्क शाळेत सक्तीचे करा, अशी मागणी दरवर्षी वर येते. कर्नाटकात ही सक्ती बऱ्याच अंशी आधीपासून आहे. आठवी ते दहावीच्या समाज विज्ञानात राज्यशास्त्राचा भाग आहेच. नववीत संविधान, केंद्र आणि राज्य सरकार, न्यायव्यवस्था, निवडणुका. दहावीत जागतिक समस्यांबरोबर मानवी हक्कांची पायमल्ली, आणि समाजशास्त्राच्या भागात अस्पृश्यता, बालमजुरी, बालविवाह. एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या परीक्षेला, या विषयाचे १०० गुण, त्यांतले ८० लेखी आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९(२) मध्ये तर पहिलीच अट आहे की अभ्यासक्रम संविधानातल्या मूल्यांना धरून असावा. २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळा-कॉलेजांत प्रस्तावनेचं वाचनही सक्तीचं केलं.

तरी दहावीला समाज विज्ञानात ९० गुण मिळवलेल्या पोराला उत्पन्नाचा दाखला कुठल्या कचेरीत मिळतो हे सांगता येत नाही. ग्रामसभेत कोण बोलू शकतं, हेही ठाऊक नसतं. म्हणून नवं पुस्तक आणि नवा पेपर मागण्यात वेळ घालवू नये असं माझं मत आहे. ते २० गुण आणि आठवड्याचा एक तास नीट वापरायचा. आपल्या राज्यातल्या कचेऱ्यांची खरी ओळख, स्वतःच्या हाताने अर्ज लिहून पोच घेणं, आणि शाळेच्या चार भिंतींत लागू असलेले हक्क, एवढं आलं तरी पुष्कळ झालं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या आणि बिदर-कारवारकडच्याही जाणकारांनी भर घालावी. तपशिलात लिहा. "जागृती व्हायला हवी" एवढंच लिहायचं असेल तर राहू दे.

मार्कंडेय_काठ

घटप्रभाताई, सुरुवात कचेऱ्यांपासूनच करू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे. मराठी माध्यमाची मुलं टीव्ही बघतात ते महाराष्ट्राचं. गाइड आणि प्रश्नसंच कोल्हापुरातून येतात. मग उत्तरपत्रिकेत गावाचा प्रमुख "सरपंच" होतो आणि सचिव "ग्रामसेवक". आपल्याकडे ग्रामपंचायतीला अध्यक्ष-उपाध्यक्ष असतात, त्यांना निवडून आलेले सदस्य निवडतात, आणि कारभार पाहतो पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. महाराष्ट्रात तालुक्याला पंचायत समिती आणि गटविकास अधिकारी. आपल्याकडे तालुका पंचायत आणि कार्यकारी अधिकारी. तिकडे जिल्हा परिषद, इकडे जिल्हा पंचायत. तिकडे सात-बारा, इकडे आरटीसी, ज्याला आपण उतारा किंवा पहाणी म्हणतो. जात आणि उत्पन्नाच्या दाखल्याला नाडकचेरी, म्हणजे तालुक्याखालची महसूल कचेरी.

विधानसभेचं तसंच. महाराष्ट्राच्या २८८ आणि विधान परिषदेच्या ७८ जागा मुलांना पाठ असतात. कर्नाटकाच्या २२४ आणि ७५ विचारल्या की गप्प. बेळगाव जिल्ह्यातून १८ आमदार जातात हे भिंतीवरच्या नकाशावर दाखवा. खासदाराचा प्रश्न तर हमखास चुकतो. खानापूर आणि कित्तूर हे बेळगाव जिल्ह्यातले तालुके असले तरी हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ लोकसभेसाठी उत्तर कन्नड मतदारसंघात येतात. उरलेल्या १६ पैकी ८ बेळगावात, ८ चिकोडीत. जिल्ह्याची हद्द आणि मतदारसंघाची हद्द वेगळी असते, हे समजावायला यापेक्षा जवळचं उदाहरण नाही.

तक्ता असा करा: पहिल्या रकान्यात काम (दाखला, उतारा, रेशन, नळ, रस्ता, शाळेची खोली), दुसऱ्यात कचेरी, तिसऱ्यात अधिकाऱ्याचं पद, चौथ्यात त्या पदाचं कन्नड नाव, कन्नड लिपीतच. चौथा रकाना सोडू नका. कचेरीबाहेरची पाटी कन्नडमध्ये असते, आणि मुलाला ती वाचून बरोबर खिडकीशी उभं राहता आलं पाहिजे. तक्ता शिक्षकाने लिहून टांगायचा नाही, मुलांनी विचारून भरायचा. दोन आठवडे लागतात, लागू देत.

तंबाखू_नाका

मार्कंडेय सर, पूर्ण सहमत. एक जोड देतो. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये भरतं तेव्हा गॅलरीत बसून कामकाज पाहता येतं. त्याला पास लागतो, म्हणून शाळेचं पत्र आधी द्यावं. जाण्याअगोदर वर्गात तीन गोष्टी सांगा: प्रश्नोत्तराचा तास, सभापतींचे अधिकार, विधेयक कसं मंजूर होतं. नाहीतर मुलं इमारतीचे फोटो काढून परत येतात, आणि सहलीच्या पलीकडे काही होत नाही.

कायदेपान

अर्ज लिहिण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण सीमाभागात इथे भाषेचा नियम नीट समजून घ्यावा लागतो. अर्ज दोन प्रकारचे आणि दोहोंचा भाषेचा नियम वेगळा.

पहिला, गाऱ्हाण्याचा अर्ज. संविधानाचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी कोणालाही संघराज्याच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. म्हणजे रस्ता, पाणी, शाळेची गळकी खोली यांबद्दलचं निवेदन मराठीत देता येतं. फक्त भाषा मराठी आहे म्हणून ते परत करता येत नाही. उत्तर मराठीत मिळेलच असं मात्र हे कलम म्हणत नाही. ही मर्यादा मुलांना त्याच वेळी सांगावी.

दुसरा, माहिती अधिकाराचा अर्ज. २००५ च्या कायद्याचं कलम ६(१): अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत. बेळगावात राजभाषा कन्नड. म्हणून हा अर्ज मराठीत दिला तर अडतो, आणि अडवणारा नियमात असतो. हिंदीत द्यावा, नाहीतर कन्नडमध्ये. कर्नाटकाच्या नियमांत आणखी दोन अटी आहेत: एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. शुल्क १० रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर न आल्यास किंवा अपुरं आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं तोंडी म्हणणं लिहून घ्यायला मदत करणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. घरच्या आजी-आजोबांसाठी हे मुलांच्या कानावर घालावं.

अर्ज फसतात ते बहुतेक प्रश्नाच्या रूपामुळे. "आमच्या शाळेत शिक्षक का दिले नाहीत?" याला उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाही. माहिती म्हणजे कचेरीत कागदावर असलेली नोंद. म्हणून असं लिहायचं: "अमुक शाळेतील मंजूर शिक्षकपदे, कार्यरत शिक्षक व रिक्त पदे यांची १ जून रोजीची नोंद, प्रत द्यावी." वर्गात फळ्यावर पाच "का"चे प्रश्न लिहा आणि मुलांकडून त्यांचे नोंद मागणारे प्रश्न करून घ्या. एक तास पुरतो.

मग पोच. अर्जाच्या दोन प्रती, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही. पोच नसेल तर ३० दिवस कुठून मोजणार? मुलांनी काढलेल्या अर्जांत सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट हीच. पोस्टाने पाठवत असाल तर पोस्टाची पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.

सातेरी

कायदेपान साहेब, सराव म्हणून ठीक आहे, पण शाळकरी मुलांच्या नावाने खरे माहिती अर्ज टाकावेत का? गाव लहान असतं. कोणाच्या पोराने कोणाविरुद्ध अर्ज टाकला, याची चर्चा संध्याकाळी पारावर होते.

कायदेपान

सातेरीताई, काळजी रास्त आहे. कायद्यात "सर्व नागरिक" असं आहे, वयाची अट नाही. तरीही शाळेच्या उपक्रमात मुलाच्या नावाने अर्ज देऊ नये. अर्जावर पत्ता असतो आणि तो संबंधितांपर्यंत पोहोचतो. एखादा पालक किंवा एसडीएमसीचा (शाळा विकास व देखरेख समितीचा) सदस्य स्वखुशीने तयार असेल तर त्यांच्या नावाने द्या. मसुदा मुलांनी करावा. कोणी तयार नसेल तर गाऱ्हाण्याचं निवेदन वर्गाच्या नावे, मुख्याध्यापकांच्या पत्रासोबत द्या. शिकायचं ते त्यातही शिकून होतं.

भीमगड

अर्जाच्या आधीची पायरी आपल्या राज्यात तयारच आहे, ती म्हणजे मक्कळ ग्रामसभा, मुलांची ग्रामसभा. २००६ पासून कर्नाटकात ग्रामपंचायतींनी ती दरवर्षी घ्यायची आहे. बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरात होते. पंचायतीचे सदस्य, पीडीओ, शाळेचे, अंगणवाडीचे, आरोग्याचे लोक समोर बसतात आणि मुलं आपले प्रश्न मांडतात. इतकी चांगली सोय असून बालदिनाच्या कार्यक्रमात तिचा जीव जातो. हार, भाषणं, दोन नाच, चॉकलेट, झालं.

खरी घ्यायची तर तयारी महिनाभर आधी सुरू करा. पहिल्या आठवड्यात वर्गात बंद पेटी ठेवा, बिननावाच्या चिठ्ठ्या. मुलींच्या स्वच्छतागृहाचा प्रश्न उघड तासात कधी निघत नाही, पेटीत निघतो. दुसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या वाचून वर्गवारी: शाळेच्या हातातलं, पंचायतीच्या हातातलं, त्यापलीकडचं. पंचायतीपुढे फक्त मधला गठ्ठा न्यायचा. बसचा प्रश्न पंचायतीपुढे मांडला की "तो आमच्याकडे नाही" असं उत्तर येतं आणि मुलं हिरमुसतात. तो परिवहन महामंडळाच्या आगाराकडे वेगळ्या निवेदनाने द्या.

तिसऱ्या आठवड्यात मोजणी. "लाइट नाहीत" असं नको. "शाळेपासून गल्लीच्या टोकापर्यंत ९ खांब, त्यातले ४ बंद, खांबांचे क्रमांक असे" असं हवं. मोजलेल्या तक्रारीला उडवून लावणं कठीण जातं. चौथ्या आठवड्यात प्रत्येक प्रश्नाला एक मांडणारा आणि एक नोंद घेणारा नेमा. प्रत्येकाला दोन मिनिटं.

भाषेचं असं करा. सभा बहुधा कन्नडमध्ये चालते आणि एकाच पंचायतीतल्या दोन माध्यमांच्या शाळा एकत्र येतात. आपली मुलं कन्नड शिकत असतातच, मग मागण्यांचा एक पानाचा कागद त्यांच्याकडून कन्नडमध्ये करून घ्या, कन्नडच्या शिक्षकांकडून तपासून घ्या आणि पीडीओंच्या हातात द्या. बोलणं मराठीत होऊ दे. शक्य असेल तर कन्नड शाळेच्या मुलांबरोबर आधी एक बैठक घेऊन सारखे प्रश्न एकत्र मांडा. पाण्याच्या टाकीचा प्रश्न दोन्ही शाळांनी मांडला की त्याचं वजन वाढतं, आणि मुलांची आपसात ओळखही होते.

सभेनंतरचं काम सगळ्यात जास्त राहतं. कार्यवृत्तात मुलांचे मुद्दे लिहिले गेले का, हे त्याच दिवशी पाहा. तीन महिन्यांनी त्याच मुलांना घेऊन पंचायतीत जा आणि कुठल्या मुद्द्याचं काय झालं ते विचारून घ्या. हे केलं नाही तर पुढच्या वर्षी मुलं तोंड उघडत नाहीत.

काळी_माती

माझं मत थोडं वेगळं. हे सगळे उपक्रम चांगले, पण जोवर वेगळा विषय, वेगळा पेपर आणि गुण नाहीत तोवर तो तास गणिताच्या जादा तासाला जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर हमखास. सक्ती म्हणजे वेळापत्रकात विषयाचं नाव आणि गुणपत्रिकेत त्याची ओळ. त्याशिवाय पालकही विचारत नाहीत.

मार्कंडेय_काठ

काळी_माती दादा, दुखणं बरोबर ओळखलंत, औषध पटत नाही. वेगळा पेपर झाला की मूलभूत हक्क सहा, कर्तव्ये अकरा, ४२वी घटनादुरुस्ती १९७६ एवढं पाठ होतं आणि थांबतं. ते आजही पाठ आहेच. शिवाय शिक्षक कुठून आणणार? आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, परिशिष्टाप्रमाणे सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक आणि समाज विज्ञानाला किमान एक स्वतंत्र शिक्षक हवा. प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. दोन शिक्षक आणि पाच वर्ग असलेल्या मराठी शाळांत नवा विषय कोण घेणार?

गुण हवेत, हे तुमचं म्हणणं मान्य. पण ते अंतर्गत मूल्यमापनातल्या उपक्रमाच्या वाट्यात बसवा. कामाची नोंदवही, पोच असलेला एक अर्ज, मुलांच्या ग्रामसभेतला किंवा शाळेच्या निवडणुकीतला सहभाग, आणि तोंडी, या चारांना सारखे गुण. तोंडीत व्याख्या विचारू नका, प्रसंग द्या. "शेजारची मुलगी पंधरा वर्षांची, लग्न ठरलंय. कोणाला कळवशील? काय सांगशील?" कर्नाटकात २०१६ च्या दुरुस्तीने बालविवाह मुळातूनच रद्दबातल ठरतो, हे मुलाला त्या उत्तरात सांगता आलं पाहिजे.

जोडवर्गाच्या शाळेत सगळ्यांना मिळून एकच विषय घ्या. लहान मुलं मोजणी करतील, मोठी लिहितील.

शिधा_नोंद

हक्क वर्गातच दाखवायचा असेल तर दुपारच्या जेवणापेक्षा जवळचं काही नाही. अक्षर दासोहचं (राज्याच्या शालेय जेवण योजनेचं) ताट म्हणजे कायद्याने ठरलेलं माप आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये शाळेतलं जेवण हक्क म्हणून आलं. पहिली ते पाचवीला दर मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, आणि त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० डाळ, ७५ भाजी, साडेसात तेल, म्हणजे ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिनं.

सातवीच्या मुलांना हा तास द्या. समजा आज प्राथमिकची ४० मुलं हजर आणि वरच्या वर्गांची ३०. तांदूळ ४ किलो अधिक साडेचार किलो, म्हणजे साडेआठ. डाळ ८०० अधिक ९०० ग्रॅम, म्हणजे १ किलो ७००. भाजी २ किलो अधिक सव्वादोन, म्हणजे सव्वाचार. तेल २०० अधिक २२५, म्हणजे ४२५ ग्रॅम. मुलांनी आधी वहीत हिशेब करायचा आणि मग स्वयंपाकघरात काट्यावर पाहायचं.

इथे चुकतं ते असं. मुलं शिजलेला भात मोजतात. शिजल्यावर भाताचं वजन दुपटी-तिपटीवर जातं आणि "जास्तच मिळतंय" असा निष्कर्ष निघतो. माप कच्च्या शिध्याचं आहे. भाजी चिरून, साफ करून मोजा. हजेरी पटावरची धरू नका, त्या दिवशी जेवायला बसलेली धरा. रिकाम्या भांड्याचं वजन वजा करायला विसरू नका. एका दिवसावरून काही ठरवू नका, आठवडाभर मोजा.

स्वयंपाक करणाऱ्या अक्का-मावशींना आदल्या दिवशी विश्वासात घ्या. हा तास त्यांच्यावर पहारा नाही. शिधा वरून कमी आला असेल तर त्याचा त्रास त्यांनाच आधी होतो, आणि मुलांच्या वहीतली नोंद त्यांच्याही कामाला येते. तफावत दिसली तर वही एसडीएमसीच्या बैठकीत ठेवावी. आरटीईच्या कलम २१ प्रमाणे शाळा समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. समितीची रचना तशी आहे का, हेही मुलांनीच तपासू दे.

पंगतीकडेही बघा. कोण कुठं बसतं, कोण कोणाला वाढतं, पाण्याच्या पिंपाला कोण हात लावतं. संविधानाचं कलम १७, म्हणजे अस्पृश्यताबंदी, शिकवायचं ते इथे. कुठे वेगळी रांग दिसली तर त्या मुलांना वर्गात उभं करून त्यावर चर्चा करू नका. रांग मोडायची जबाबदारी मुख्याध्यापकांची, आणि ती त्याच दिवशी.

बालहक्क_खिडकी

शिधा_नोंद यांनी शेवटी लिहिलं त्याला धरूनच पुढचं. हक्कांचे तास नीट घेतले की मुलं बोलायला लागतात, आणि एखादं मूल असं काही सांगतं की शिक्षक गांगरतो. मानवी हक्क सक्तीचे करताना याची तयारी आधी हवी. पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा तशी शंकाही असली तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडपला तर एक वर्षापर्यंत.

मूल सांगू लागलं तर ऐकायचं. "कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. "मदत करू शकतील अशांनाच सांगेन" असं म्हणायचं. पुन्हा पुन्हा विचारून तपशील काढायचे नाहीत, ते काम तपासाचं आहे. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवायचे. मग १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवर फोन आणि पोलिसांना माहिती. मुलाचा जबाब पोलिसांनी त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकांनी, गणवेशाशिवाय. त्याला पोलीस ठाण्यात बोलावत असतील तर शिक्षकाने हे कलम २४ दाखवावं.

सर्वांत वाईट चूक म्हणजे प्रकरण एसडीएमसीत किंवा गावच्या पंचांपुढे नेऊन "मिटवणं". ते समितीच्या अधिकारात नाहीच, आणि मुलाचं नाव गावभर होतं. कलम २३ प्रमाणे ओळख प्रसिद्ध करणं हा गुन्हाच आहे, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाकायची तर कल्पनाही नको.

सौंदत्तीच्या बाजूच्या शाळांसाठी एक विनंती. कर्नाटकाने देवदासी समर्पण प्रतिबंधक कायदा १९८२ मध्ये केला. तो शिकवताना देवीच्या भक्तीवर टीका करत बसू नका. मुलीचं समर्पण करणारे आणि त्यात हातभार लावणारे, दोघंही गुन्हेगार ठरतात, एवढं स्वच्छ सांगा. त्या घरांतली मुलं वर्गात असतात. वडिलांचं नाव सगळ्यांसमोर विचारण्याची सवय या तासापुरती तरी नको, खरं तर कधीच नको.

तंबाखू_नाका

एक अवघड प्रश्न विचारतो. सीमाप्रश्न वर्गात कसा घ्यायचा? १ नोव्हेंबरला एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला मराठी संघटनांचा काळा दिवस. मुलं विचारतात आणि शिक्षक पान उलटतो.

कायदेपान

पान उलटू नये. हा आपल्या भागातला सगळ्यात जिवंत संविधानाचा पाठ आहे. मतं बाजूला ठेवून प्रक्रिया शिकवा, म्हणजे शिक्षकावरही बालंट येत नाही.

क्रम असा ठेवा. कलम ३: राज्यांच्या हद्दी बदलायचा अधिकार संसदेचा, संबंधित विधानसभेचं मत मागवलं जातं पण ते बंधनकारक नाही. राज्य पुनर्रचना कायदा, अंमल १ नोव्हेंबर १९५६: मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका मात्र मुंबईत राहिला. इथे नकाशा हवाच, कारण चंदगडला मुलांचे मामा-मावश्या असतात. म्हैसूरचं कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ ला. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा: निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला आणि बेळगाव शहर कर्नाटकातच, अशी शिफारस. महाराष्ट्राने ती नाकारली. शिफारस म्हणजे निकाल नव्हे, हे इथेच समजावा. मग कलम १३१: दोन राज्यांतला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात जातो. महाराष्ट्राचा दावा २००४ चा.

यानंतर कलम १९: शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आणि त्यावरचे वाजवी निर्बंध. मिरवणुकीला परवानगी का मागतात, ती कोण देतं, दगडफेक झाली की त्या हक्काचं संरक्षण का उरत नाही, हे दोन्ही बाजूंच्या मोर्चांना सारखंच लावून सांगा. शिक्षकाने स्वतःचं मत सांगू नये, घोषणा देऊन घेऊ नयेत, आणि कुठल्याही मुलाला "तू कुठल्या बाजूचा" असं विचारू नये.

याला जोडून बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य, १९८६. तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने काढलं, सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. जे मत आपल्याला पटत नाही त्याच्या माणसालाही हक्क असतो, हे आठवीच्या मुलांना या खटल्यावरून चटकन कळतं.

सातेरी

भाषिक अल्पसंख्याकांची कलमंही यात घ्या. २९, ३०, ३५०अ आणि ३५०ब. ३५०अ १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलं: प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय. ती कधी करायची याचं माप १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेपासून चालत आलेलं: शाळेत त्या भाषेची ४० मुलं किंवा एका वर्गात १०. पटावरची संख्या इतकी महत्त्वाची का, हे मुलांना आणि पालकांना याच आकड्यांवरून कळतं. आरटीईचं कलम २९(२)(फ) मातृभाषेचं माध्यम "शक्य असेल तिथवर" म्हणतं. ते दोन-तीन शब्द किती मोठी पळवाट ठेवतात यावर नववीत चर्चा घ्या. आणि समोरची बाजूही: २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्याच प्रकरणात सांगितलं की प्राथमिकला मातृभाषेचं माध्यम सरकार लादू शकत नाही, निवड पालकाची. २०१५ च्या कर्नाटकाच्या कायद्याने मात्र कन्नड एक विषय म्हणून शिकणं टप्प्याटप्प्याने बंधनकारक झालं. माध्यम आणि विषय यांतला फरक इथे नीट करून द्या. मोठी माणसंही त्यात गल्लत करतात.

भीमगड

शाळेच्या निवडणुकीचं राहिलं. विद्यार्थी मंत्रिमंडळ हात वर करून किंवा पहिल्या नंबरच्या मुलाला बसवून करू नका. सोमवारी अधिसूचना आणि मतदारयादी, मंगळवारी अर्ज, बुधवारी छाननी व माघार, दोन दिवस प्रचार, शनिवारी मतदान. यादीत दोन नावं मुद्दाम चुकीची ठेवा, मुलांनी हरकत घेऊन दुरुस्त करून घ्यावीत. पत्रिकेवर चिन्हं आणि "नोटा". मतदानाला पुठ्ठ्याचा आडोसा, कारण गुप्तता राहिली नाही तर दांडगट पोरगाच निवडून येतो. मोजणीला प्रत्येक उमेदवाराचा एक प्रतिनिधी. आणि निवडून आलेल्या "आरोग्य मंत्र्याला" काहीतरी खरं काम द्या. साबण आणि पाण्याची रोजची नोंद, मुख्याध्यापकांच्या सहीसह, एवढं पुरे.

काळी_माती

मार्कंडेय सर, गुणांची मांडणी पटली. अजून एक विचारतो. आता निम्मी मुलं इंग्रजी माध्यमाच्या खाजगी विनाअनुदानित शाळांत आहेत. तिथे एसडीएमसी नाही, अक्षर दासोह नाही. तिथल्या पालकांनी काय धरायचं?

कायदेपान

समितीचं कलम २१ विनाअनुदानित शाळांना लागू नाही, बरोबर. पण आरटीईचं कलम १७, म्हणजे मारणं आणि मानसिक छळ यांवरची बंदी, सगळ्या शाळांना आहे. मात्र आरटीईतलं "बालक" ६ ते १४ वयाचं, म्हणून नववी-दहावीच्या मुलांसाठी हे कलम थेट धरता येत नाही. पॉक्सो १८ वर्षांपर्यंत सगळीकडे लागू. आरटीईखालची लेखी तक्रार कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे जाते, तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित, त्यावर अपील राज्य बालहक्क आयोगाकडे. तक्रारीची एक प्रत बीईओ (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याच्या) कचेरीतही देऊन आवक क्रमांक घ्या.

मानवी हक्क आयोगाकडे जायचं असेल तर घटनेपासून एक वर्षाच्या आत. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते. १५१०० वर फोन करा, किंवा तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीला भेटा. याच समितीला शाळेने पत्र दिलं तर कायद्याच्या माहितीसाठी वकील शाळेत येतात, खाजगी शाळेतसुद्धा. पत्रात विषय आणि इयत्ता लिहा, आणि मराठी बोलणारे वकील हवेत हे स्पष्ट लिहा.

घटप्रभा

काळी_माती दादा, खाजगी शाळांतही समाज विज्ञान राज्याच्या अभ्यासक्रमाचं असेल तर २० गुणांची तीच सोय तिथे आहे. पालकसभेत शाळेला विचारा की त्या गुणांसाठी मुलांकडून काय करून घेता, आणि नोंदवही बघायला मागा. मार्कंडेय सर, तुमच्या तक्त्याचे रकाने मी बेळगाव ग्रामीण आणि खानापूरसाठी भरायला घेते. निपाणी-चिकोडीचे तंबाखू_नाका यांनी भरावेत. कन्नड नावं कन्नड लिपीतच पाठवा, मी तशीच ठेवते.